भिंतीवरचे दहा

"सर, मले बाहेर काढलं."

तिसऱ्या रांगेतली मुलगी हात वर करून उभी राहिली होती. आवाजात तक्रार नव्हती. गाडीत जागा नाही म्हणून कंडक्टरनं उतरवून दिलेला माणूस फाट्यावरच्या लोकांना जसं सांगतो, तसं तिनं सांगितलं. मी तिच्या खुर्चीमागे जाऊन पाहिलं. पडद्यावर माझंच वाक्य होतं, पुण्याच्या सवयीनं मीच कधीतरी नम्रपणे लिहिलेलं: 'क्षमस्व. कृपया पुन्हा प्रवेश करावा.' तिनं पुन्हा नाव टाकलं, पासवर्ड टाकला, बटण दाबलं. आत गेली. 'स्वागत, आचल' असं आलं. तिनं फॉर्मचं पहिलं पान भरलं, पुढे जायला दाबलं, आणि पुन्हा क्षमस्व. "पाह्यलं ना?" ती म्हणाली. "पहिले या या म्हणते, अन् मंग वळखतच नाई." तिच्या शेजारची मुलगी, त्याच टेबलावर, तशाच कॉम्प्युटरवर, आरामात तिसऱ्या पानावर पोचून आईचं माहेरचं आडनाव लिहीत होती.

ही गोष्ट दोन हजार सातच्या जूनमधली, वर्ध्यातल्या एका संस्थेच्या कॉम्प्युटर लॅबमधली. संस्था नर्सिंगचा कोर्स चालवायची, आणि प्रवेशाचा नियम असा की जो आधी येईल त्याला जागा. यात गुणवत्तेवर अन्याय होतो असं कोणी म्हटलं की संस्थेचे सचिव अण्णाजी म्हणायचे, "लवकर उठणं हीच नर्सची गुणवत्ता आहे." त्यामुळे दरवर्षी फाटकापाशी रांग लागायची. गावातल्या मुलींचे बाप आधीच येऊन रांगेत चपला लावून ठेवायचे आणि घरी जाऊन झोपायचे. आष्टीची पहिली गाडी येईपर्यंत चपलांनाच प्रवेश मिळालेला असायचा. आचल मागच्या वर्षी अशीच परत गेली होती. तिचे वडील नत्थूजी, आष्टीला भाजीचा मळा. भेंडीचं पोतं गाडीच्या टपावर आणि लेक आत, असे आले आणि भेंडी विकून लेक परत घेऊन गेले. यंदा तिचं शेवटचं वर्ष, नाहीतर दिवाळीनंतर लग्न. हे तिनं मला सकाळीच सांगितलं होतं, यंदा तूर लावणार आहोत असं कोणी सांगावं त्या सुरात. रांगच नको, ही कल्पना माझी. आष्टीत सायबर कॅफे आहे, पुलगावात आहेत, सेलूत तर आमच्या घरासमोरच आहे. सोमवारी सकाळी दहाला इंटरनेटवर दार उघडेल, सगळ्यांना एकाच क्षणी. 'एकाच क्षणी' हे शब्द मी इतक्या सहज वापरले होते की आठवलं म्हणजे आता माझंच मला कौतुक वाटतं. अण्णाजी म्हणाले होते, "हेमराजभाऊ, शनिवारी मले सगळ्यायले एकदम आत घालून दाखवजा. नाई जमलं तर सोमवारी रांग. मी मंडपवाल्याले सांगून ठेवतो." आणि ठेवलंच. लॅबच्या खिडकीतून अंगणात पडलेले मंडपाचे बांबू दिसत होते.

मोठ्या कंपन्यांकडे अशा चाचणीसाठी हत्यारं असतात. एकच प्रोग्रॅम हजार माणसांचं सोंग घेतो आणि दारावर तुटून पडतो. आमच्याकडे माणसंच होती. मागच्या वर्षी रांगेत राहून गेलेल्या मुलींना अण्णाजींनी फोन करून बोलावलं होतं, आणि लॅबचे इन्चार्ज प्रेमदास दारात शिट्टी घेऊन उभे होते. शिट्टी कबड्डीची. ती वाजली की सगळ्यांनी एकदम बटण दाबायचं. वाजली, दाबलं. काही आत, काही बाहेर. पुन्हा वाजली. आता मघाशी आत गेलेल्यांतल्या काही बाहेर आणि बाहेरच्यांतल्या काही आत. मला एकेक कारण सुचत गेलं आणि एकेक उघडं पडत गेलं. पासवर्ड चुकत असेल, तर त्याच पासवर्डनं दुसऱ्या खेपेला कसं चालतं? वायर ढिली असेल, तर शेजारशेजारच्या दोघींचं नशीब वेगळं का? जिथं सगळ्यांची नावं साठवली तो डेटाबेस थकला असेल, तर तो स्वस्थ बसलेला, जेवणानंतरच्या साहेबासारखा. मी एकटा बसून आत गेलो की दरवेळी बिनचूक. पाचसहा जणी बसवल्या, बिनचूक. सगळ्या मिळून बसल्या की गडबड. "आपल्या गावचंच मशीन आहे," अण्णाजी खुर्ची ओढून म्हणाले. "एकेकट्याले विचारा, सगळे शाहाणे. मीटिंग बोलवा, का झाला सत्यानाश."

गर्दीसाठी म्हणून मी दोन मशीनं ठेवली होती. पहिल्यावर ओझं झालं की उरलेली माणसं दुसऱ्याकडे वळायची. एकानं आत घेतलेल्या माणसाला दुसऱ्यानंही ओळखावं, म्हणून आत घेताना प्रत्येकीला एक चिठ्ठी मिळायची. हातात नव्हे, मशीननं मशीनला दाखवायची. तिच्यावर नाव आणि आत घेतल्याची वेळ. पुढच्या प्रत्येक पानाला जे मशीन समोर येईल ते ही चिठ्ठी तपासणार. गर्दी नसली की दुसरं मशीन झोपलेलंच, म्हणून मला संशय आला की खोटं तेच आहे. ते बंद केलं. पहिलं एकटं धापा टाकायला लागलं, पण ज्यांना आत घेतलं त्यांना शेवटपर्यंत ओळखलं. मग पहिल्याला विश्रांती दिली आणि दुसऱ्यालाच कामाला लावलं. तेही धापा टाकत, पण अगदी खरं वागलं. दोन्ही लावली, की क्षमस्व. मी मागे टेकून बसलो. मला भीती वाटायला हवी होती, बांबू दिसत होते. पण वाटलं ते वेगळंच. पहिलं खरं होतं. दुसरं खरं होतं. दोन खरी माणसं एका खोलीत बसली की तिथं खोटं कुठून येतं, हे आमच्या घरात मला लहानपणापासून पडलेलं कोडं, आणि आता कोणीतरी ते वायरी जोडून माझ्यासमोर मांडलं होतं.

पहिले या या म्हणते, अन् मंग वळखतच नाई. हे वाक्य डोक्यातून जाईना. आमचं सेलूत धान्याचं दुकान. बाबा, म्हणजे पुंडलिकराव, गादीवर बसायचे आणि तूर मुठीत घेऊन न बघता तिची प्रत सांगायचे. मी पुण्याला नोकरीला निघालो तेव्हा स्टेशनवर सोडायला आले, पिशवी खिडकीतून आत दिली, गाडी हलल्यावरही दोन पावलं सोबत चालले. मग दर दिवाळीला मी परत निघालो की ती दोन पावलं कमी होत गेली. शेवटच्या दिवाळीत गादीवरूनच म्हणाले, "इथं काय ठेवलं तुयासाठी? तिकडचाच होऊन जाजो." रागानं म्हणाले की कसं, ते आमच्याकडे आवाजावरून कळत नाही, भाव पडल्याचं सांगतानाही तोच आवाज आणि चढल्याचं सांगतानाही तोच. मग एका उन्हाळी दुपारी ऑफिसात डबा खाऊन बसलो होतो, काय वाटलं कोण जाणे, दुकानाचा फोन लावला. अक्षय्य तृतीयेला येतो, एवढंच सांगायचं होतं. माझ्या मनगटावर तीन वाजून दहा मिनिटं झाली होती; लक्षात आहे, कारण साडेतीनला मीटिंग होती आणि मी काट्यांकडे बघत रिंग ऐकत होतो. रिंग वाजली, वाजली, वाजून वाजून आपोआप तुटली. नंतर शेजारच्या दुकानातून मला फोन आला. मी सेलूला पोचल्यावर आई एवढंच म्हणाली, "सव्वातीनले गेले." आणि त्या रडणाऱ्यांच्या गर्दीत मी मनातल्या मनात एक छोटा हिशेब केला, जो पुढे कधी पुसला गेला नाही. फोन वाजत होता तेव्हा बाबा होते. फोन गादीच्या उजव्या हाताला असायचा, हात लांब केला की पोचायचा. भरदुपारी परगावाहून दुकानात दुसरं कोण फोन करणार? त्यांनी ओळखलं, आणि वाजू दिला. पुढे मी पुणं सोडून आलो, त्याच दुकानात कॉम्प्युटर मांडून बसलो. लोक म्हणाले, लेकानं बापाची गादी चालवली. बापानं आत घेतलंच नव्हतं, हे लोकांना कुठे माहीत. त्या फोनबद्दल आईला मी कधी विचारलं नाही. विचारलं तर ती सांगेल, ही भीती होती.

एवढ्यात लाईन गेली. खरं तर त्या उन्हाळ्यात लाईन असणं हीच बातमी होती. पंखे थांबले, मुलींनी एकसुरात "हाऽऽ" केलं, अंगणाच्या टोकाला जनरेटर खोकून सुरू झालं. बॅटरीचा आधार फक्त पहिल्या मशीनला होता, त्यामुळे दुसरं मेलं आणि पुन्हा जिवंत झालं. ते जुनं, मुंबईच्या कुठल्याशा ऑफिसातून निवृत्त होऊन आमच्याकडे आलेलं; वेळ लक्षात ठेवणारी त्याच्या पोटातली बटणाएवढी बॅटरी कधीच संपलेली. लाईन गेली की ते सगळं विसरायचं आणि उठल्यावर आधी विचारायचं, आज तारीख काय, वाजले किती. मला हे माहीत नव्हतं. प्रेमदासना माहीत होतं. पण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं, जसं आपण पाहुण्याला सांगत नाही की मोरीचं दार थोडं उचलून लावावं लागतं. ते शिट्टी गळ्यात टाकून मशीनपाशी गेले, तारीख टाकली, मान वर करून भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं, आणि वेळ टाकली.

मी त्यांच्या नजरेमागून भिंतीकडे पाहिलं. मग माझ्या मनगटाकडे.

"प्रेमदासभाऊ, हे घड्याळ पुढं आहे काय?"

"आहेच ना," ते म्हणाले. "पुढंच ठेवतो आपण. अर्धा स्टाफ पुलगावचा. पॅसेंजर सुटते ना बापा."

"किती पुढं?"

यावर मतभेद निघाले. प्रेमदास म्हणाले दहा. अण्णाजी म्हणाले, "दहा कायचे? बारा-पंधरा असन. मी तं वीस धरून चालतो."

"अन् मशीनमध्ये टाकताना तेवढं कमी करून टाकता?"

प्रेमदासनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "कमी कायले करू? घड्याळात जे वाजले तेच टाका लागन ना. कमी करणं ज्याचं त्याचं."

ज्याचं त्याचं. घड्याळ पुढे आहे हे सगळ्यांना माहीत, म्हणून प्रत्येक जण मनात काहीतरी वजा करतो, म्हणून कोणीही लवकर निघत नाही, म्हणून घड्याळ आणखी थोडं पुढे सारावं लागतं. ही व्यवस्था वर्षानुवर्षं बिनबोभाट चालली होती, आणि भिंतीवरची वेळ खरी मानणारं ते दुसरं मशीन म्हणजे त्या इमारतीतला पहिला भाबडा जीव होता. त्याला वजा करता येत नव्हतं. प्रेमदासनी सांगितलं, त्यानं विश्वास ठेवला. ते आचलला आत घ्यायचं आणि चिठ्ठीवर आपली वेळ लिहायचं. पुढच्या पानाला ती पहिल्या मशीनसमोर आली की ते चिठ्ठी बघायचं आणि म्हणायचं, ही ज्या वेळी आत आली म्हणते ती वेळ तर अजून यायची आहे. उद्याच्या पोटातून आलेला माणूस खोटा समजावा, हा नियम मीच लिहिला होता. मला तेव्हा तो फार हुशारीचा वाटला होता. मी दोन्ही मशीनचे पडदे शेजारी शेजारी लावले. एक म्हणत होतं, आत्ता. दुसरंही म्हणत होतं, आत्ता. दोघांचे सेकंद एकाच तालात सरकत होते, कोणी धावत नव्हतं, कोणी रेंगाळत नव्हतं. मध्ये फक्त एक भेग होती आणि सकाळपासून मुली तिच्यात पडत होत्या. त्या लॅबमध्ये एवढी माणसं, प्रत्येकाच्या मनगटावर, मोबाइलवर, वजाबाकी करून मनात उरलेलं एकेक आत्ता, आणि कुठलीही दोन जुळणारी नाहीत. तरी आपण एकमेकांना भेटतो. तरी पॅसेंजर मिळते, अक्षता मुहूर्तावर पडतात, हाक मारली की ओ येते. हे सगळं कोण जुळवून घेत असेल? इतकी वर्षं, न थकता, कुणाला कळू न देता? जो कोणी असेल, तो कॉम्प्युटरवाला नसावा, एवढं मला नक्की कळलं.

आणि मग आमचं दुकान आठवलं. बाबांच्या डोक्यावरचं किल्लीचं घड्याळ. तेही पुढे असायचं. नागपूरच्या गाडीला निघालेलं गिऱ्हाईक त्याच्याकडे पाहून दचकायचं आणि बाबा म्हणायचे, "भेऊ नको, पुढं आहे. चहा घेऊन जाय." घरातले आम्ही सगळे न बोलता वजा करायचो, उंबरा ओलांडताना पाय आपोआप उचलला जातो तसं. परगावी राहिलं की ही सवय सगळ्यात आधी जाते. पुण्यात मी मनगटावरचं खरं धरायला लागलो, आणि आई 'सव्वातीन' म्हणाली तेव्हा तेही खरं धरलं. तिनं कुठे पाहिलं असणार? त्याच घड्याळात. तशा वेळी कोण वजा करतं? आता मी वजा केलं. सव्वातीनातून प्रेमदासांचे दहा. मग बारा, पंधरा, अण्णाजींचे वीस. काहीही घेतलं तरी उत्तर माझ्या फोनच्या अलीकडे पडत होतं. फोन वाजत होता तेव्हा बाबा नव्हतेच. त्यांनी वाजू दिला नव्हता. मी पुन्हा वजा केलं, शाळेत ताळा करायचो तसा ताळा केला. एवढी साधी वजाबाकी, आणि मी इतकी वर्षं तिच्या चुकीच्या बाजूला राहत होतो.

"काय झालं हेमराजभाऊ?" अण्णाजींनी विचारलं.

"सापडलं."

"मंग रडून काऊन राह्यले?"

"जनरेटरचा धूर आहे," मी म्हणालो. जनरेटर अंगणाच्या त्या टोकाला होतं आणि खिडक्या बंद होत्या. अण्णाजींनी खिडक्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि शिपाई वच्छलाबाईंना चहा सांगितला.

दुरुस्ती म्हणावी असं फारसं काही नव्हतं. दुसऱ्या मशीनला सांगितलं की वेळ भिंतीला विचारायची नाही. पहिल्याला विचारायची, पुन्हा पुन्हा विचारायची, आणि ते म्हणेल ती आपली मानायची. प्रेमदासना हे थोडं लागलं. तरी त्यांनी शिट्टी जोरात वाजवली. कोणी बाहेर पडलं नाही. पुन्हा वाजवली. मी प्रत्येकीच्या मागून फिरत होतो, देवळात प्रदक्षिणा घालावी तसा, आणि पडद्यापडद्यावर पानं उलटत होती. आचलनं शेवटच्या पानावरून हात वर केला. "सर, वळखलं." मुली हसल्या. अण्णाजी उठून खिडकीशी गेले. "आज वळखलं," ते म्हणाले. "सोमवारी पाहू. बांबू राहू द्या तिथंच."

रविवारी सकाळी आई ओट्यावर चवळीच्या शेंगा मोडत बसली होती. मी शेजारी बसलो. दुकानातलं ते घड्याळ बाबांनंतर कोणी किल्ली न दिल्यामुळे बंद होतं. त्याच्याखाली माझा कॉम्प्युटर. "आई," मी म्हणालो, "बाबा गेले त्या दिवशी दुकानातला फोन वाजला होता?"

"वाजला ना." तिचा हात थांबला नाही. "त्यायले खाली घेतलं होतं, तोंडात पाणी घातलं होतं, तवा वाजून राह्यलता. किती वाजला बापा. कोण उचलीन? मी म्हटलं, ज्याचा असन त्याले आता काय सांगू." मग तिनं वर पाहिलं. "तुया होता काय?"

"हो."

"मंग इतके वर्सं काऊन नाई बोलला रे?"

तिनं शेंगांचा एक मोठा वाटा माझ्यासमोर सरकवला. "मोड," ती म्हणाली. आम्ही शेंगा मोडत बसलो. मग तीच म्हणाली, "दिवाळीपासून तुयी वाटच पाहून राह्यले होते. सांगत थोडीच होते," आणि मोडलेल्या शेंगा सुपात गोळा करून आत गेली.

सोमवारी भिंतीवरचं घड्याळ कोणी मागे केलेलं नव्हतं. पुलगावची पॅसेंजर सोमवारीही होतीच. लॅबमध्ये अण्णाजी, प्रेमदास, आणि चपलांवाचून काय करावं हे न सुचणारे दोनचार बाप. भिंतीवर दहा वाजले. पडद्यावर दार बंद. सगळे पडद्याकडे, मग भिंतीकडे, मग माझ्याकडे बघायला लागले. "वाजले ना दहा?" एक बाप म्हणाला. "काऊन नाई उघडून राह्यलं?" वीस धरून चालणारे अण्णाजी त्या घटकेला एकही मिनिट धरायला तयार नव्हते. "मले माहीतच होतं," ते म्हणाले. "प्रेमदास, बोलवा मंडपवाल्याले."

"अण्णाजी," मी म्हणालो, "अजून वाजायचे आहेत."

प्रेमदास दाराशीच थांबले. भिंतीवर दहा होऊन गेले होते आणि जगात अजून व्हायचे होते. आम्ही त्या भेगेत बसलो होतो. आष्टीच्या, पुलगावच्या, सेलूच्या कॅफेत मुली बटणावर बोट ठेवून बसल्या असतील, प्रत्येकीचं आत्ता वेगळं, आणि तरी सगळ्या एकाच क्षणाकडे तोंड करून. मला वाटलं, ही जागा मी ओळखतो. बाबांच्या घड्याळाखाली आम्ही घरातले सगळे इथेच तर राहत होतो: वाजले म्हणून घाबरायचं नाही, चहा घेण्याइतकी जागा नेहमीच उरलेली. त्या दुपारी आईच्या घड्याळात सगळं संपलं तेव्हा जगात ती वेळ अजून आलीच नव्हती. त्या उरलेल्या मिनिटांचं पुढे काय होतं, कुठे जमा होतात ती, मला ठाऊक नाही. मी फक्त त्यांच्यात बसून होतो. भीती नव्हती. मोठ्या पाण्याच्या काठावर बसल्यासारखं गार वाटत होतं.

मग आवाज न करता दार उघडलं. नावं यायला लागली. पुलगाव. पुलगाव. सेलू. आर्वी. दुसरं मशीन जागं झालं, पहिल्याला वेळ विचारली, मानली. आष्टी: आचल. पान पहिलं. पान दुसरं. मशीन बदललं, आणि चिठ्ठी ओळखली गेली. अण्णाजी माझ्या खांद्यावरून वाकून तोंडानं मोजत होते आणि त्यांच्या श्वासाला सुपारीचा वास होता. बाहेर प्रेमदास मंडपवाल्याला बांबू उचलायला सांगत होते, आणि तो गाडीभाड्याचं विचारत होता.

टेबलावरचा फोन वाजला. पहिल्याच रिंगला मी उचलला.

"सर, मी आचल. झालं. अभिनंदन म्हणून राह्यलं." मागे पंख्याची घरघर होती, आणि एका माणसाचा आवाज, अगं विचार ना, विचार. "सर, बाबा विचारून राह्यले, बरोबर किती वाजता झाली ॲडमिशन? गावात सांगा लागते."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि वजा करून सांगितलं.